हजेरी

लुईसबर्गला पोचलो तेव्हा घड्याळात संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन मात्र आपल्याकडच्या चारसारखं होतं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो. माझी लेक गॅलवेला नोकरी करते. तिच्याकडे येऊन मला महिना झाला होता. डब्लिन बघून झालं, गॅलवेचे रस्ते पाठ झाले, आणि एक दिवस मी तिला म्हटलं, "मला एखादं गाव दाखव. बघायला म्हणून ठेवलेलं नको, लोक राहतात असं." तिने सुटी काढली, नकाशा उघडला आणि म्हणाली, "चल, मेयोला जाऊ."

मेयो ही तिथली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. वेस्टपोर्टहून लुईसबर्गला जाताना डाव्या हाताला क्रो पॅट्रिकचा डोंगर आणि उजव्या हाताला छोट्या छोट्या बेटांनी भरलेला क्ल्यू बे नावाचा उपसागर लागतो. डोंगर ७६४ मीटर उंच, वरचा भाग शंकूसारखा आणि सगळा सुट्या दगडांचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसं तो चढतात, त्यातली काही अनवाणी. लेकीने हे सांगितल्यावर मी चटकन म्हणाले, "वारीच की गं!" तीही हसली.

डोंगराच्या पायथ्याशी मरिस्क नावाची वस्ती आहे. तिथे समुद्राकडे तोंड करून एक ब्राँझचं जहाज उभं आहे. लांबून तीन डोलकाठ्यांचं साधं जहाज वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की डोलकाठ्यांवरून ताणलेले दोर हे दोर नाहीतच, हाडांचे सापळे आहेत. एकमेकांना धरून तरंगणारे. जॉन बिहान या शिल्पकाराने केलेलं हे आयर्लंडच्या दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक. १९९७ साली तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. उपासमारीतून सुटायला माणसं अमेरिकेच्या जहाजांत चढली आणि वाटेतच तापाने मेली, त्या जहाजांना पुढे 'शवपेटी-जहाजं' असं नाव पडलं.

मी जहाजाला एक फेरी मारली आणि गाडीत येऊन बसले. लेक म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. वारा फार आहे."

लुईसबर्ग एवढंसं गाव आहे. मधे चौक, चौकातून चार रस्ते फुटतात: ब्रिज स्ट्रीट, मेन स्ट्रीट, चॅपल स्ट्रीट आणि लाँग स्ट्रीट. चारही पाट्या वाचून होईपर्यंत गाव संपतं. घरं एकमेकांना खेटून, कुणाचं पिवळं, कुणाचं निळं. खाली बनोवेन नदी आणि तिच्यावरचा दगडी पूल. हे आखून वसवलेलं गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या बड्या जमीनदाराने ते वसवलं. त्याच्या एका नातलगाने कॅनडातल्या लुईसबर्ग किल्ल्याच्या १७५८ सालच्या लढाईत भाग घेतला होता, म्हणून हे नाव. या जागेचं जुनं आयरिश नाव वेगळंच आहे, त्यात कुरण आणि पिवळी रानफुलं आहेत. आयर्लंडभर रस्त्याच्या पाट्यांवर आयरिश नाव वर, तिरप्या अक्षरांत असतं आणि इंग्रजी नाव खाली, ठळक. महिनाभर मी ठळकच वाचत आले होते.

आमची राहायची सोय एका घरात होती. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी हात झटकले. "मग सोपं आहे," म्हणाल्या आणि पातेलंभर बटाटे सालीसकट उकडून पुढे ठेवले. सोबत कोबी, लोणी आणि सोडा घालून केलेला घरचा पाव. बटाटे इतके पिठूळ होते की उकडताना साली फुटून आतला पांढरा गर बाहेर आला होता. बाई म्हणाल्या, "असा बटाटा हसतोय असं आम्ही म्हणतो."

कोपऱ्यात शेगडी होती. तिच्यात टर्फ जळत होतं, म्हणजे दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून केलेलं जळण. धूर निळसर आणि वास गोवरीच्या इतक्या जवळचा की मी खुर्ची ओढून शेगडीपाशी नेली.

"उद्या कुठे?" बाईंनी विचारलं.

"डूलॉख," लेक म्हणाली.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाऊस नसेल तर फार सुंदर दिसतं." आणि मग, उठून टर्फचा आणखी एक तुकडा शेगडीत टाकताना: "माझी आजी त्या रस्त्याने कधी गेली नाही. पलीकडे जायचं असलं तर लांबून वळसा घालून जायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात त्या गोष्टीचं नाव काढत नसत. काढलंच तर आजी तिच्या भाषेत एकच शब्द म्हणायची."

तो शब्द मी त्यांना दोनदा म्हणायला लावला. द्रोख-हील. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दुष्काळाला 'गोर्ता मोर', मोठी भूक, म्हणतात. पण आयरिश बोलणाऱ्या साध्या माणसांच्या तोंडी द्रोख-हील होता. 'द्रोख' म्हणजे वाईट. 'सील' म्हणजे आयुष्य, दुनिया, काळ. जोडशब्दात त्याचा 'हील' होतो. वाईट काळ.

मी लेकीकडे बघितलं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली, हैदराबादला वाढलेली. तिच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "दुष्काळ. दुः म्हणजे वाईट. तोच शब्द आहे गं."

सकाळी दक्षिणेकडे निघालो. गाव सुटल्यावर पाचदहा मिनिटांत झाडं संपली. दोन्ही बाजूंना तपकिरी दलदल, तिच्यात वाऱ्याने डुलणारे कापसासारखे पांढरे तुरे. कुठे कुठे कापलेलं टर्फ वाळत ठेवलेलं, चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, जणू पोरांनी मांडलेली घरं. रस्त्यावर मेंढ्या. पाठीवर कुणाच्या निळा पट्टा, कुणाच्या लाल. ज्याचा त्याचा मालक त्या रंगावरून ओळखतो. त्या बाजूला होत नाहीत, गाडीच थांबवावी लागते. आमच्या माणातही असंच. मेंढरं रस्त्यात आली की एसटी थांबायची आणि धनगर निवांत विडी ओढत मागून यायचा.

लेकीने गाडी एका बाजूला घेतली आणि समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "तुला त्या रेघा दिसतात?"

आधी काही दिसेना. मग ढग सरकला आणि दिसल्या. हिरव्या उतारावर खालून वर गेलेल्या, एकमेकींना समांतर, फणीने ओढल्यासारख्या. चढ इतका की तिथे आज मेंढीशिवाय कुणी जात नाही.

"सरी-वरंबा," मी म्हणाले.

शेतकऱ्याच्या पोरीला ते सांगावं लागत नाही. कुदळीने माती उलटून घातलेले वरंबे होते ते, बटाट्याचे. इथल्या गरिबाकडे नांगर नव्हता, बैल नव्हता, चांगली जमीन तर नव्हतीच. ती जमीनदाराकडे. त्याने डोंगराच्या उतारावर, दगडगोट्यांत, समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून खत म्हणून घातलं आणि बटाटा लावला. अर्ध्या-पाऊण एकरात कुटुंब वर्षभर जगेल असं दुसरं पीक नव्हतं. १८४५ मध्ये त्या बटाट्यावर करपा आला. हिरवंगार शेत काही दिवसांत काळं पडायचं, जमिनीतला बटाटा उकरला तर हातात काळा लगदा यायचा. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास उरली. सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. आजही त्या बेटावर १८४१ इतकी माणसं नाहीत.

वरंबे ज्यांनी घातले ती माणसं गेली. नंतर तिथे कुणी कुदळ मारली नाही, म्हणून वरंबे राहिले.

गाडीत लेक पुढचं सांगत होती. ती इथे आल्यापासून वाचत असते. सरकारने आधी कामं काढली. भुकेल्या माणसाने रस्ता बांधायचा, खडी फोडायची, मग मजुरी. १८४७ च्या मार्चमध्ये अशा कामांवर ७ लाखांहून जास्त माणसं होती. काही रस्ते कुठेच जात नव्हते, डोंगरात सुरू होऊन डोंगरातच संपत होते. या सगळ्या मदतीचा हिशेब लंडनच्या खजिन्यात बसून चार्ल्स ट्रेव्हेल्यन नावाचा अधिकारी ठेवत होता. फार मदत केली तर लोक आळशी होतील, याची त्याला मोठी काळजी. हा माणूस त्याआधी हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत होता आणि नंतर, १८५९ मध्ये, मद्रासचा गव्हर्नर झाला.

"आणि पाव एकराचा कायदा," लेक म्हणाली. "१८४७ मध्ये केला. ज्याच्या ताब्यात पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला मदत नाही. म्हणजे आधी जमीन सोड, मग जेव."

मी "खडी" या शब्दापाशीच थांबले होते.

डूलॉख म्हणजे काळं तळं. आयरिशमधल्या 'दुव' आणि 'लॉख' या शब्दांचं ते इंग्रजी वळण. पश्चिमेला म्वीलरीचा डोंगर, पूर्वेला शेफ्रीच्या टेकड्या आणि मधे अरुंद, लांबट, खरंच काळं दिसणारं पाणी. रस्ता पाण्याच्या काठाने जातो. लेकीने गाडी लावली आणि आम्ही चालायला लागलो. तासभर चाललो असू. एक गाडी गेली, दोन सायकलवाले गेले, बाकी वारा.

या रस्त्यावर काय घडलं ते लेकीने चालता चालता सांगितलं.

१८४९ च्या मार्चची ३० तारीख. लुईसबर्ग परिसरातल्या ज्यांना मदतीचं पीठ मिळत होतं त्यांची तपासणी करायला दोन अधिकारी येणार होते. खरोखर गरजू कोण, नाव यादीत ठेवायचं की काढायचं, ते माणूस समोर उभा करून बघायचं. शेकडो माणसं जमली. पण तपासणी तिथे झालीच नाही. अधिकारी दक्षिणेला सुमारे १९ किलोमीटरवर असलेल्या डेल्फी लॉजकडे निघून गेले. जमीनदाराची शिकारीसाठी राहायची ती कोठी. लोकांना निरोप मिळाला की उद्या सकाळी सातला तिथे हजर राहा, नाही तर नाव कापलं जाईल.

माणसं रात्रीच निघाली. थंडी, पाऊस, वारा. अंगावर चिंध्या, पायात काही नाही, पोटात काही नाही, काखेत पोरं. आज आहे तसा रस्ता नव्हता. डेल्फीला पोचल्यावरही त्यांना ताटकळावं लागलं. साहेब जेवायला बसले होते, असं लोक अजून सांगतात. शेवटी बहुतेकांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. परतीच्या वाटेवर माणसं पडायला लागली. त्या वेळी 'मेयो कॉन्स्टिट्यूशन' या वर्तमानपत्रात छापून आलेल्या एका पत्रात नोंद आहे, की तळ्याच्या काठाने रस्त्यात ७ प्रेतं सापडली, त्यात बायका-मुलं होती, आणि आणखी ९ जण घरी पोचलेच नाहीत. लोकांच्या आठवणीतला आकडा याहून कितीतरी मोठा आहे.

"नाव कापू नये म्हणून," लेक म्हणाली. "फक्त हजेरी लावायला चालले ते."

मी रस्त्याच्या कडेच्या एका दगडावर बसले. तिला वाटलं, गुडघा दुखतोय.

"आई, थांब, मी गाडी इकडे आणते."

"गाडी नको. बस इथे," मी म्हटलं.

मग मी तिला सांगितलं. बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केली, हैदराबादच्या कॉलनीत तेवढीच वर्षं राहिले, कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही अर्धंच. "आमची कोरडवाहू शेती होती," एवढं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. सलग दोन-तीन वर्षं पाऊस दगा देत होता. बहात्तरला ज्वारी कणसात भरलीच नाही. बैल विकले, मग तांब्या-पितळेची भांडी. वडील मुंबईला गिरणीत काही मिळतं का बघायला गेले. दहिवडीकडच्या रस्त्याचं खडीचं काम निघालं आणि आई त्या कामावर जायला लागली. सहा-सात किलोमीटर चालत. उन्हाळ्याच्या सुटीत मीही तिच्याबरोबर, कारण तिथे पोरांना सुकडी मिळायची. ओंजळभर, गोड, भाजक्या पिठाची. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी गिळताना घशाला टोचायची. सुकडी मात्र गोड होती. मला त्या सगळ्या वर्षातलं सर्वांत आधी तेच आठवतं, आणि त्याचीच लाज वाटत आली.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी चौथीत होते. रोज सकाळी मुकादम मस्टरवर हजेरी मांडायचा. तो पुढच्या टोळीकडे वळला की आई मला हळूच म्हणायची, "बघ गं, आपलं नाव हाय का." मी मुकादमाच्या मागे जाऊन, टाचा उंच करून, नाव शोधायचे आणि येऊन सांगायचे, "हाय." मला फार मोठं वाटायचं. आसपासच्या बायकाही मग विचारायला लागल्या. मी दहा-बारा जणींची नावं रोज बघायचे.

एक दिवस आम्हाला उशीर झाला. माझ्यामुळे. वाटेत एक विहीर होती, तळाला हातभर पाणी उरलं होतं आणि त्यात सगळ्या शिवारातले बेडूक गोळा झाले होते. मी काठावर पालथी पडून बघत राहिले. आई पुढे गेली, परत आली, ओरडली, "पाय उचल की गं, हजेरी जाईल." आम्ही पोचलो तेव्हा हजेरी झाली होती. मुकादम काही बोलला नाही, फक्त मस्टरवर खाली बघितलं. आईने मला मागे पाठवलं. आईच्या नावापुढे त्या दिवसाच्या रकान्यात फुली होती.

मी परत आले. आईने विचारलं, "हाय का?"

मी म्हणाले, "हाय."

मार बसेल म्हणून म्हणाले. बेडूक बघत बसले म्हणून. ती वळली, हातोडा घेतला आणि दिवसभर खडी फोडली. मे महिन्याचं ऊन. मी बाभळीखाली बसून तिच्याकडे बघत होते, आणि दर वेळी ती पदराने तोंड पुसायची तेव्हा मला वाटायचं, आता सांगावं. सांगितलं नाही. दुपारी सुकडी मिळाली, ती खाल्ली.

आठवड्याचा पगार झाला तेव्हा एक दिवस कमी भरला. आई मुकादमाशी बोलली, मुकादमाने मस्टर दाखवलं. तिला काय कळणार? तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. घरी येताना एक शब्द बोलली नाही. मला मारलंही नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मुकादम पुढच्या टोळीकडे वळल्यावर, रोजच्यासारखंच मला म्हणाली, "बघ गं, नाव हाय का."

पुढची चाळीस वर्षं आम्ही दोघी यावर बोललो नाही. कुणी बहात्तरची गोष्ट काढली की आई उठून आत जायची. मला वाटायचं, माझ्यामुळे. आता वाटतं, तिच्याकडे आणखीही काही असेल. ती बाई लांबून वळसा घालून जायची, तसं काही. विचारायला हवं होतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. तळ्यावरून वाऱ्याच्या रेघा सरकत होत्या.

मला एक गोष्ट नीट सांगायला हवी. माण आणि मेयो एक नाहीत. आमच्याकडे बहात्तरला माणसं अशी रस्त्यावर मेली नाहीत. १९७३ च्या मेमध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, पण मजुरी मिळत होती, रेशन मिळत होतं, आणि लोक मोर्चे काढून कामं मागत होते. त्यातूनच पुढे वि. स. पाग्यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क कागदावर आला. ज्या मस्टरवर फुली पडली त्याच मस्टरने आम्हाला जगवलं. त्याच्यावर मला राग धरता येत नाही. पण यादीतलं नाव टिकवायला भुकेल्या माणसाने धावायचं, उशीर झाला तर मान खाली घालायची, आणि आपलं नाव आहे की नाही हे दुसऱ्याच्या पोरीला विचारायचं, हे मी पाहिलंय. या रस्त्यावर रात्री चाललेल्या बायका मला परक्या वाटल्या नाहीत, त्या एवढ्यापुरत्या.

थोडं पुढे रस्त्यालगत स्मारकाचा दगड आहे. साधा, उंच, क्रुसासारखा. १८४९ मध्ये इथून चाललेल्या भुकेल्या गरिबांची आणि आजही जगाच्या गरीब देशांत चालणाऱ्यांची आठवण म्हणून तो उभारलाय. त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे. दुसऱ्या माणसाचा पाणउतारा करून माणसाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं वाटतंच कसं, अशा अर्थाचा प्रश्न. एवढ्या लांब, मेंढ्यांच्या मुलखात, एका ओल्या दगडावर ते नाव वाचून मला बरं वाटलं, पण अभिमान वाटला नाही. प्रश्न तर आपल्यालाही आहे. १९८८ पासून दरवर्षी माणसं या रस्त्याने दुष्काळाच्या आठवणीत चालतात. १९९१ मध्ये डेस्मंड टुटू इथे चालले होते.

लेकीने दगडाचा फोटो काढला नाही. नाही तर ती सगळ्याचे काढते. परत गाडीकडे जाताना तिने माझा हात धरला होता. लहानपणी मी तिचा धरायचे, रस्ता ओलांडताना, तसा मनगटापाशी.

"आजीला कळलं होतं का गं, तू खोटं बोललीस ते?"

"कळलं होतं."

"मग दुसऱ्या दिवशी परत तुलाच कसं विचारलं?"

"दुसरं कोण होतं तिला वाचणारं?"

ती काही वेळाने म्हणाली, "तेवढंच कारण नसेल."

हे मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

परतताना उन्हं कलली होती. सकाळी ज्या उतारावर ढग सरकेपर्यंत काही दिसलं नव्हतं, तिथे आता तिरप्या उजेडात सगळा डोंगर रेघांनी भरून गेला होता. एक उतार नाही, दोन नाही, जिकडे बघावं तिकडे, अगदी कड्यापर्यंत वरंबे. प्रत्येक वरंब्याची सावली बाजूच्या सरीत पडलेली. दुपारच्या लख्ख उन्हात नुसतं हिरवं गवत दिसतं.

घरी आलो तर शेगडी पेटलेली होती. बाईंनी विचारलं नाही, कसं झालं. चहा पुढे ठेवला. मग म्हणाल्या, "काल रात्री तुम्ही लेकीला तुमच्या भाषेतला एक शब्द सांगत होतात. माझ्या आजीच्या शब्दासारखा."

"दुष्काळ," मी म्हणाले.

त्यांनी तो म्हणून पाहिला. 'ष' त्यांना जमला, 'ळ' काही केल्या जमेना. लेक त्यांच्या शेजारी बसून टाळूला जीभ कशी लावायची ते दाखवायला लागली, आणि त्या दोघी हसायला लागल्या. मग लेक वळून मला म्हणाली, "आई, ती सुकडी कशी करायची?"

मी म्हणाले, "पीठ भाजायचं, गूळ घालायचा. पण मी कधी केली नाही."

"गॅलवेला गेल्यावर करू," ती म्हणाली. "गूळ मिळतो तिथे."